दहा-दहाचे तीन

गुडघा, खांदा किंवा कंबर घेऊन फिजिओथेरपी विभागात गेलेला माणूस घरी येताना एक कागद घेऊन येतो. त्यावर व्यायामाची रेखाचित्रं असतात, बाणांनी दिशा दाखवलेल्या असतात आणि प्रत्येक चित्रापुढे पेनाने लिहिलेलं असतं : १० × ३. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायची, दहा-दहाचे तीन. पाय सरळ ठेवून उचलायचा, दहा-दहाचे तीन. उताणं झोपून कंबर वर, दहा-दहाचे तीन. पुण्यात जा, नांदेडला जा, म्हापशाला जा. दुखणं बदलतं, आकडा सहसा बदलत नाही. इतका सर्वत्र चालणारा आकडा शरीरशास्त्राच्या एखाद्या भक्कम नियमातून आला असणार, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात तो दुसऱ्या महायुद्धातल्या एका लष्करी इस्पितळातून आला, आणि तिथे त्याची सुरुवात तीनने झालेलीच नव्हती.

हे इस्पितळ म्हणजे शिकागोचं गार्डिनर जनरल हॉस्पिटल. मिशिगन सरोवराकाठचं एक मोठं हॉटेल लष्कराने ताब्यात घेऊन तिथे खाटा टाकल्या होत्या. १९४४ साली त्या खाटांवर गुडघ्याच्या शस्त्रक्रिया झालेले, मांडीची हाडं मोडलेले तरुण सैनिक होते. शस्त्रक्रिया नीट होई, पण माणूस उभा राहीना. गुडघ्याला मार बसला, त्यात पाणी साठलं की मांडीच्या पुढच्या स्नायूला, म्हणजे क्वाड्रिसेप्सला, मिळणारा हुकूमच मंदावतो आणि स्नायू पाहता पाहता वाळतो. टेप लावून मोजलं तर दोन मांड्यांच्या घेरातला फरक डोळ्यांत भरतो. यावर तेव्हाचा उपाय म्हणजे हलके व्यायाम पुष्कळ वेळा करणं : सायकल मारा, जिने चढा, कप्पीवरून दोरी ओढा. महिने जात आणि खाट काही मोकळी होत नसे.

तिथे थॉमस डेलॉर्म नावाचा तरुण लष्करी डॉक्टर होता. जन्म १९१७ चा, अलाबामा राज्यातला. किशोरवयात संधिवाती तापाने त्याला अंथरुणाला खिळवलं होतं. जपून राहा, श्रम करू नकोस, असा वैद्यकीय सल्ला मिळालेला. या पोराने बरं होता होता वजनं उचलायला सुरुवात केली आणि अंगाने भरला. त्या काळी डॉक्टर मंडळींचं वजन उचलणाऱ्यांविषयीचं मत फारसं चांगलं नव्हतं. जड वजनाने हृदय बिघडतं, स्नायू आखडून माणूस लाकडासारखा होतो, असं शिकल्यासवरल्या लोकांत सर्रास बोललं जाई. डेलॉर्मला स्वतःच्या अंगाचा अनुभव याच्या नेमका उलटा होता, म्हणून त्याने शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्याला थेट लोखंड बांधून पाहिलं.

ती रीत जवळून पाहण्यासारखी आहे. रुग्ण टेबलाच्या कडेला पाय लोंबते सोडून बसे. पावलाला लोखंडी बूट पट्ट्यांनी आवळलेला. बुटातून आडवी सळई, तिच्या दोन्ही टोकांना वजनाच्या चकत्या. आता गुडघा सरळ करायचा आणि हळू खाली आणायचा. दहा वेळा नीट जमलं की थोडं वजन वाढवायचं. असं करत करत एक वजन असं येतं की दहा खेपा कशाबशा होतात आणि अकरावी होत नाही. हे त्या माणसाचं त्या आठवड्याचं माप. त्याला नाव पडलं ‘टेन आरएम’. पुढच्या आठवड्यात माप पुन्हा घ्यायचं आणि तक्त्यात लिहायचं. इथे दहा हा आकडा किती वेळा व्यायाम करायचा हे सांगण्यासाठी आलेला नाही, वजन ठरवायला आलेला आहे. हा फरक पुढे कसा पुसला गेला, तीच खरं तर या आकड्याची कुळकथा.

१९४५ मध्ये हाडं आणि सांध्यांच्या शस्त्रक्रियेला वाहिलेल्या एका प्रतिष्ठित अमेरिकी नियतकालिकात डेलॉर्मचा लेख आला. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं : ताकद आणि दम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जड वजन थोड्या वेळा उचललं की ताकद येते, हलकं वजन पुष्कळ वेळा उचललं की दम वाढतो, आणि एकाचं काम दुसऱ्याकडून होत नाही. वाळलेल्या मांडीला आधी ताकद हवी, मग सायकल. आपल्या तालमींनाही हे अगदीच परकं नाही. जोर-बैठकांचा हिशेब शेकड्यांत असला तरी पठ्ठ्या तयार होऊ लागला की त्याच्या हातात जास्त वजनाची मुद्गलं येतातच. फक्त दर आठवड्याला माप घेऊन ते कागदावर मांडण्याची रीत तालमीत नव्हती, आणि इस्पितळाला तीच हवी होती.

या पहिल्या लेखात मात्र तीन सेट नव्हते. दहा-दहाचे सात ते दहा सेट होते, म्हणजे दिवसाला ७० ते १०० खेपा. तीनवर गाडी आली १९४८ साली. तोवर डेलॉर्म बोस्टनला डॉ. आर्थर वॅटकिन्स यांच्यासोबत काम करत होता. दोघांनी मिळून लिहिलं की आधीचा आकडा फार झाला, बहुतेकांना २० ते ३० खेपा पुरतात, उलट खेपा कमी केल्या तर वजन जास्त घेता येतं. मग त्यांनी चढती पायरी घालून दिली. पहिले दहा टेन आरएमच्या निम्म्या वजनाने, दुसरे दहा पाऊण वजनाने, तिसरे दहा पूर्ण वजनाने. नीट पाहिलं तर या तिन्हींत खरा व्यायाम शेवटचा, आधीचे दोन अंग गरम करण्यापुरते. १९४५ च्या लेखाच्या नावात ‘हेवी’ हा शब्द होता; १९५१ च्या त्यांच्या पुस्तकाच्या नावात तो जाऊन ‘प्रोग्रेसिव्ह’ आलं होतं. जडपणापेक्षा चढतेपणावर बोट ठेवणारं हे नाव मला जास्त प्रामाणिक वाटतं.

त्याच वर्षी इंग्लंडमधून झिनोव्हिएफ यांची ऑक्सफर्ड पद्धत आली. त्यांचं म्हणणं, चढत्या क्रमात स्नायू शेवटच्या, सर्वांत महत्त्वाच्या सेटपर्यंत थकून जातो, म्हणून भाजणी उतरती ठेवा. आधी पूर्ण वजन, मग थकव्याबरोबर कमी. १९५४ मध्ये मॅक्वीन यांनी चढ-उतार दोन्ही बाजूला ठेवून सगळ्या खेपा पूर्ण वजनाने घ्यायला सांगितलं. आपल्याकडच्या फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना हे तिघे तोंडी परीक्षेत हमखास भेटतात. तिघांतला फरक सांगा म्हटलं की पोरं निम्मं, पाऊण, पूर्ण असं घडाघडा म्हणून दाखवतात.

डेलॉर्मची रीत युद्धाबरोबर संपली नाही, याचं मोठं कारण पोलिओ. १९४८ मध्येच पोलिओ झालेल्यांच्या क्वाड्रिसेप्सवर तिचा वापर करून त्याने आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष छापले. लुळ्या स्नायूला थकवू नये, असा तेव्हाचा दंडक होता. काही मज्जातंतू शाबूत असतील तर उरलेला स्नायू वजनाने बळकट होतो, असं त्यांना दिसलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५२ साली फिजिओथेरपीचं विद्यालय सुरू झालं, तेही पोलिओच्या साथीच्या पार्श्वभूमीवर, महानगरपालिका, केंद्र सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने. आपल्याकडे हे शास्त्र रुजलं ते डेलॉर्मची पद्धत जगभर नवी असताना. पुढे पाठ्यपुस्तकांतून ती इथे मुरली आणि क्वाड्रिसेप्स टेबल हे फिजिओथेरपी विभागातलं ओळखीचं सामान झालं.

मग वजन कुठे गेलं? माझ्या मते ते वाटेत गळून पडलं आणि आकडा तेवढा पुढे आला. माप घ्यायचं तर रुग्णासमोर अर्धा तास बसायला हवं, दर आठवड्याला पुन्हा बसायला हवं. ओपीडीच्या गर्दीत ते कुणाला परवडतं? १० × ३ मात्र दोन सेकंदांत लिहून होतं. शिवाय ‘झीज झाली आहे, जपा’ हे वाक्य एकदा कानावर पडलं की रुग्ण स्वतःच वजनाच्या पट्ट्याला हात लावत नाही. जो माणूस सलग चाळीस वेळा पाय उचलू शकतो, त्याला दहावर थांबवण्यात ताकदीचं गणित कुठेच नाही. डेलॉर्मने असा व्यायाम दमाच्या खात्यातसुद्धा धरला नसता.

वजनाला घाबरणाऱ्यांसाठी १९९० चा एक छोटा प्रयोग सांगायला हवा. बोस्टनच्या एका वृद्धनिवासात मारिया फियातारोन आणि सहकाऱ्यांनी ८६ ते ९६ वयाच्या १० जणांना आठ आठवडे मांडीचा व्यायाम दिला, तोही प्रत्येकाला जास्तीत जास्त पेलवेल त्याच्या ८० टक्के वजनाने. नऊ जणांनी तो पुरा केला. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि दोघांची काठी सुटली. माणसं मोजकी, तुलनेला दुसरा गट नाही, हे खरं. तरी नव्वदीतला स्नायूसुद्धा वजनाला जबाब देतो एवढं त्यातून कळलं.

पण ताकद वाढली म्हणजे दुखणं गेलं, असं समीकरण मांडायला जावं तर तिथे ठेच लागते. २०२१ साली अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या स्टीफन मेसियर आणि सहकाऱ्यांनी गुडघ्याची झीज असलेल्या ३७७ जणांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाला जड वजन, दुसऱ्याला हलकं वजन, तिसऱ्याला व्यायाम नाही, नुसती आरोग्यावरची सत्रं. १८ महिन्यांनी पाहिलं तर जड वजनाच्या गटाचं दुखणं इतर दोघांपेक्षा म्हणावं इतकं कमी नव्हतं. व्यायामाने गुडघेदुखीत थोडाफार आराम पडतो, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. तो नेमका कशामुळे पडतो, याचं उत्तर चकत्या मोजून मिळत नाही. भीती कमी होणं, पुन्हा हिंडूफिरू लागणं, कुणीतरी नेमाने विचारपूस करणं, यांचाही त्यात वाटा असावा. डेलॉर्मपुढचे सैनिक विशीतले आणि त्यांचा प्रश्न वाळलेल्या मांडीचा. साठीतल्या बाईच्या दुखऱ्या गुडघ्याचा प्रश्न तोच आहे, असं आपण परस्पर गृहीत धरलं.

या आकड्याची एक शाखा स्वीडनमध्ये आहे. उमेओ इथले अस्थितज्ज्ञ हॉकन अल्फ्रेडसन यांची स्वतःची टाचेमागची शीर, म्हणजे अकिलीस टेंडन, खूप दुखत होती. शस्त्रक्रिया करा म्हणून ते वरिष्ठांच्या मागे लागले, वरिष्ठ बधेनात. शीर तुटली तर शस्त्रक्रिया करावीच लागेल, या रागाने त्यांनी पायरीच्या कडेवर उभं राहून टाच खाली सोडायचा सपाटा लावला, दुखेल तेवढं दुखू दे म्हणून. शीर तुटली नाही, दुखणं ओसरलं. ही हकीकत त्यांनीच सांगितलेली. १९९८ मध्ये त्यांनी हा व्यायाम १५ धावपटूंवर १२ आठवडे केलेला प्रयोग छापला : पंधराचे तीन सेट, गुडघा सरळ ठेवून एकदा आणि वाकवून एकदा, सकाळ-संध्याकाळ. बेरीज रोजच्या १८० खेपा; दुखणं कमी झालं की पाठीवरच्या पिशवीत वजन. सगळे धावायला लागले. मग जगभर १८० हा आकडा मंत्रासारखा चालला. २०१४ मध्ये इंग्लंडमधल्या एका प्रयोगात निम्म्या लोकांना रोज १८० खेपा दिल्या आणि निम्म्यांना सोसतील तितक्याच करा म्हटलं. सहा आठवड्यांनी सोसेल तितकं करणारे मागे पडलेले नव्हते.

तीन सेटच का, दहाच का, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता असंही नाही. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या रिचर्ड बर्गर यांनी कॉलेजच्या मुलांकडून १२ आठवडे बाकावर झोपून वजन ढकलण्याचा व्यायाम करून घेतला. सेट एक, दोन की तीन आणि खेपा दोन, सहा की दहा, अशा सगळ्या जोड्या लावून पाहिल्या. सर्वांत जास्त ताकद वाढली ती सहा-सहाच्या तीन सेटनी. पाठ्यपुस्तकांनी या निकालाची नोंद घेतली. ओपीडीतल्या कागदावर अजून दहाच आहेत.