पोलाद कोठून आणावें?

गेल्या उन्हाळ्यांत आमचा एक जुना विद्यार्थी भेटीस आला, तेव्हां त्यानें फडक्यांत गुंडाळलेली एक सुरी आमच्यापुढें ठेविली. घराच्या मागील अंगणांत लहानशी भट्टी मांडून ती त्यानें स्वहस्तें घडविली होती. पातें ओबडधोबड होतें, पण धार अशी कीं, कागद नुसता टेकतांच दुभंगावा. पोलाद कोठून मिळविलें, असें विचारतां तो हंसून म्हणाला, "सर, भंगारांतून! नव्या पोलादाची कांब परवडेना, म्हणून मालमोटारीच्या कमानीचा जुना पाटा वजनावर घेतला." शेजारीं बसलेल्या आमच्या एका स्नेह्यांना याचा विषाद वाटला. ज्या देशाचें पोलाद एके काळीं जगांत नांवाजलें होतें, तेथील सुशिक्षित तरुणानें भंगार धुंडाळावें, ही त्यांना अधोगतीची खूण वाटली. आम्हांस तसें वाटत नाहीं. कां, तेंच येथें सांगावयाचें आहे.

स्नेह्यांच्या मनांत जें पोलाद होतें, त्याची कीर्ति खरीच आहे. कानडी 'उक्कु' या शब्दावरून बहुधा आलेल्या 'वूट्झ' या नांवानें युरोपांतील विद्वान् त्यास ओळखीत. मुंबईहून डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनीं विलायतेस धाडलेल्या नमुन्यांवर जॉर्ज पिअर्सन यांनीं इ. स. १७९५ मध्यें रॉयल सोसायटीपुढें निबंध वाचला. म्हैसूर, सेलम, तेलंगणांतील कोनासमुद्रम् इत्यादि ठिकाणीं हें पोलाद होत असे. दक्षिणेकडील कारागीर लोखंडाचे तुकडे तरवडाच्या वाळक्या लाकडासह मातीच्या मुशींत घालीत, वर रुईचीं हिरवीं पानें पसरीत, तोंड लिंपून घेत आणि भात्याच्या वाऱ्यावर ती मूस कित्येक तास तापवीत. लाकडांतील कार्बन लोखंडांत उतरे, आणि मूस फोडली म्हणजे मुठींत मावेल एवढा गोळा हातीं येई. कोनासमुद्रम्‌चा माल नेण्यास इराणांतील व्यापारी येत असत.

परंतु मुठीएवढ्या गोळ्यामागें कोळशाची रास जळत असेल, तर तो गोळा गांवच्या लोहारास स्वस्त कसा पडावा? म्हणूनच तो आपल्या हत्याराचें अंग मऊ लोखंडाचें करी व धारेपुरती पोलादाची पट्टी तापवून तींत जोडी. झिजलेला फाळ तो टाकून देत नसे. शेवटून पुन्हां नांगरास चढवी. युरोपांतील लोहारांचीहि रीत हीच होती. तात्पर्य, धारेचें पोलाद जपून वापरावें आणि जुन्या हत्यारांतून नवें काढावें, ही काटकसर पडत्या काळांतील नव्हे, भरभराटीच्या काळांतीलहि आहे.

इंग्लंडची गोष्ट याहून फारशी निराळी नाहीं. सुऱ्याकात्र्यांविषयीं प्रसिद्ध असलेलें शेफील्ड उत्तम पोलादासाठीं स्वीडनहून लोखंड आणवीत असे. १७४० च्या सुमारास बेंजामिन हंट्समन यानें शेफील्डनजीक मुशींतील पोलाद सिद्ध केलें, तेव्हां तेथील सुरीकारांनीं तें फार कठीण म्हणून प्रथम नाकारलें. फ्रान्सांत त्याला गिऱ्हाईक लाभलें, तेव्हां कोठें त्यांचे डोळे उघडले. धातु समोर होती, ओळख नव्हती. आमच्या वूट्झचेंहि तेथें तसेंच झालें. जेम्स स्टोडार्ट या हत्यारें करणाऱ्या कारागिरानें त्याची महती जाणली. त्याचा सहकारी मायकेल फॅरडे यानें १८१९ मध्यें वूट्झचें पृथक्करण करून अल्युमिनियमच्या अंशास त्याच्या गुणांचें कारण मानिलें. तें अनुमान पुढें टिकलें नाहीं. खरें कारण कार्बनच्या विपुलतेंत होतें. वूट्झमध्यें तो शेंकडा दीडच्या आसपास असतो. असें पोलाद विलायती लोहार संवयीप्रमाणें फार तापवीत, आणि घणाखालीं तें फुटून जाई. तें मंद लालीवर, धीरानें ठोकावें लागतें. गोळा गलबतांत घालून नेतां आला, पण ही लाली ओळखणारा डोळा बरोबर गेला नाहीं.

पुढें १८५६ मध्यें हेन्री बेसेमर यानें वितळलेल्या लोखंडांतून वारा फुंकून पोलाद करण्याची युक्ति प्रसिद्ध केली, आणि जें पोलाद रत्तलांनीं मोजीत तें टनांनीं निघूं लागलें. इकडे १८५३ मध्येंच मुंबई-ठाणें आगगाडी धावूं लागली होती. स्वस्त विलायती लोखंड व पोलाद बंदरांतून आंत शिरलें. १८६५ व १८७८ च्या जंगल-कायद्यांनीं कोळशाचें लाकूड दुर्मिळ झालें. आणि या दुहेरी माऱ्यांत आमच्या मुशी व दगडांतून लोखंड गाळणाऱ्या लहान भट्ट्या बहुतेक विझल्या. या हानीबद्दल जितकें दुःख करावें तितकें थोडेंच.

पण भट्टी विझली म्हणून ऐरण थांबली नाहीं, हें इतिहासकार विसरतात. लोहारानें पोलादाचा नवा झरा शोधला. मोडके रूळ, गाड्यांच्या कमानी, गुळगुळीत झालेल्या कानशी हीच त्याची खाण झाली. रस्त्याच्या कडेस पाल ठोकून बसणारा घिसाडी याच खाणीवर विळे-कोयते घडवीत आला आहे. ही खाण फुकट नाहीं; तिची किंमत पारखीच्या रूपानें द्यावी लागते. बांधकामाच्या सळईंत कार्बन थोडा. तिला कितीहि पाणी द्या, धार टिकावयाची नाहीं. कमानीच्या पाट्यांत तो शेंकडा अर्ध्याहून थोडा अधिक, म्हणून कोयत्यास तो उत्तम. कानशींत एकाच्या आसपास किंवा अधिक. तिची सुरी तिखट होते, पण बेतानें न तापविल्यास काचेसारखी तुटते. लोहार हे आंकडे जाणत नाहीं. तो तुकडा लाल करून पाण्यांत बुडवितो आणि वर कानस फिरवून पाहतो. कानस घसरली तर पोलाद, रुतली तर लोखंड. मग उजळलेल्या पात्यावर गवती पिवळा रंग चढेपर्यंत तें पुन्हां हळूच शेंकतो, म्हणजे कठीणपणांतील ठिसूळपणा जातो.

त्या विद्यार्थ्यानें आम्हांस आपल्या गुरूकडे नेलें. गुरु म्हणजे आमच्याच पेठेच्या टोकाचा एक वृद्ध लोहार. भंगाराच्या ढिगांतून त्यानें एक पाटा उचलला, ऐरणीवर हलकेच वाजविला, कान दिला आणि बाजूस टाकला. "मास्तर, ह्यो लई राबलाय, आतून तडकलाय. सुरीला नगं." आम्हांस पाटा निर्दोष दिसत होता. त्यानें तो चिमट्यांत धरून घण घातला, तेव्हां तो काडीसारखा मोडला, आणि आंतील जुन्या तड्याची काळी रेघ उघडी पडली.

आम्ही पंचवीस वर्षें वर्गांत हंट्समन व बेसेमर शिकविले. परीक्षेंत त्यांवर प्रश्नहि घातले. पण घरापासून दहा मिनिटांच्या वाटेवर पोलादाचा नाद ओळखणारा एक मनुष्य बसला आहे, त्याला कधीं एक शब्द विचारला नाहीं. वूट्झ गेलें तें परक्यांच्या व्यापारानें व कायद्यानें, असें म्हणून आम्हांस हात झटकतां येतील. पण त्या लोहाराचीं मुलें आतां भात्याजवळ बसत नाहींत. त्याच्याबरोबर ही पारख गेली, तर तो दोष कोणाच्या माथीं मारावा? आमचा विद्यार्थी भंगार धुंडाळीत त्याच्या दारीं गेला, यांत आम्हांस अधोगति दिसत नाहीं. जें आम्हीं करावयास हवें होतें, तें त्यानें केलें, एवढेंच दिसतें.