बोरू तासणारा

अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद कापडावर त्यांनी पंचीकरण लिहून काढलं. दासोपंतांचा काळ 1551 ते 1615 चा. त्यांना रोज ढब्बू पैशाची शाई लागायची, असं आपल्याकडं अजून सांगतात. शाईचा हिशोब लोकांच्या तोंडी राहिला, बोरूची आठवण मात्र कुणी काढत नाही.

बोरू म्हंजे तरी काय? वढ्याकाठचं पोकळ, टणक काडं. वाळलं की चाकूनं टोक तिरकं तासायचं, मधोमध बारीक चीर द्यायची आणि काजळी-डिंकाच्या शाईत बुडवायचं. शाई त्या चिरेतून कागदावर उतरायची. तिरक्या टोकामुळं एक रेघ जाड, दुसरी बारीक. आपल्या बाळबोध अक्षराचं वळण त्यातूनच आलं. टोक झिजलं की पुन्हा तासायचं.

आमच्या आज्याला अक्षर ओळखू यायचं नाही. पण शाळंतल्या पोरांचे बोरू तोच तासून द्यायचा. "घाई केली की टोक फुटतंय रं," म्हणायचा.

पासोडीपुढं उभा राहिलो तव्हा मला आधी आज्याचा चाकू आठवला. एवढ्या लिखाणाला किती बोरू झिजले असतील, अन् ते तासून दिले असतील कुणी?