विमानाच्या पोटातला इतिहास

१/
एअर इंडियाच्या बोइंग ७७७-३००ईआर विमानाची लांबी सुमारे ७४ मीटर. याच विमानाची सव्वा मीटर लांबीची एक प्रतिकृती आहे. कचेऱ्यांत फायलींसाठी वापरतात त्या पिवळसर जाड कागदातून ती घडवली आहे. तिची दारे उघडतात, चाके आत मिटतात आणि खिडकीतून डोकावले, तर आत आसनांच्या रांगा दिसतात. अशा प्रतिकृतींचा आणि त्यांनी जपलेल्या इतिहासाचा हा धागा.

२/
ही प्रतिकृती सॅन फ्रान्सिस्कोच्या लुका आयकोनी-स्ट्यूअर्ट याची. २००८ साली, शाळेत असतानाच, त्याने ती हाती घेतली. प्रमाण १:६०, म्हणजे मूळ विमानातील साठ सेंटिमीटर येथे एक सेंटिमीटर होतात. विमान एअर इंडियाचेच का? कारण या कंपनीच्या ७७७ चा अतिशय तपशीलवार आराखडा त्याला इंटरनेटवर सापडला. पुढे या कामासाठी त्याने महाविद्यालयही सोडले. शेपटी आणि पंख मनासारखे न झाल्याने त्याने ते टाकून पुन्हा घडवले.

३/
आसनांचा हिशेब मोठा बोलका आहे. इकॉनॉमीचे एक आसन करायला त्याला सुमारे २० मिनिटे लागत, बिझनेसच्या आसनाला ४ ते ६ तास आणि प्रथम वर्गाच्या आसनाला ८ तास. एअर इंडियाच्या या विमानांत ३०३ इकॉनॉमी, ३५ बिझनेस आणि ४ प्रथम वर्गाची अशी ३४२ आसने असत. या गतीने मागच्या ३०३ आसनांना सुमारे १०१ तास पुरतात, तर पुढच्या ३९ आसनांना किमान १७२ तास लागतात. एकाच छपराखाली प्रवास करणाऱ्यांमधले अंतर कात्री आणि गोंद हाती घेतल्यावर असे मोजता येते.

४/
बाजारात मिळणाऱ्या प्लास्टिकच्या प्रवासी विमानांच्या किटमध्ये मात्र आतली बाजू सहसा रिकामीच असते. त्यांचे रूढ प्रमाण १:१४४. त्यात सत्तर मीटरचे बोइंग ७४७ सुमारे ४९ सेंटिमीटरचे होते आणि एका आसनाची रुंदी जेमतेम तीन मिलिमीटर उरते. खिडक्याही बहुधा चिकटचित्रांनी दाखवल्या जातात. आत काही दिसणारच नसेल, तर ते घडवायचे कशाला, असा हा व्यवहारी विचार.

५/
हौशी कारागीर तो स्वीकारत नाही. तो खिडक्यांची छिद्रे कोरतो, योग्य उंचीवर फरशी बसवतो, वर्गावर्गांतले पडदे आणि भिंती उभ्या करतो. खानपानाची जागा, स्वच्छतागृहे, सामानाचे कप्पे कागद आणि प्लास्टिकच्या पातळ पट्ट्यांतून मुळापासून घडवतो. हे सारे धडाचे दोन अर्धे जोडण्यापूर्वी पूर्ण व्हावे लागते. एकदा धड मिटले की चूक दुरुस्त करायला आत हात जात नाही. म्हणून कामाची खरी सुरुवात पुराव्यांपासून होते.

६/
उदाहरण मुंबईचेच घेऊ. १९७१ साली एअर इंडियाचे पहिले बोइंग ७४७ ‘एम्परर अशोक’ ताफ्यात आले. बाहेर प्रत्येक खिडकीभोवती राजवाड्याच्या झरोक्याची लाल महिरप रंगवलेली, आत भारतीय चित्राकृतींची सजावट, वरच्या मजल्यावर बैठकीचे दालन. जाहिरातींत त्याला आकाशातला राजवाडा म्हटले गेले. देशातल्या बहुसंख्य लोकांनी तोवर विमान फक्त डोक्यावरून जाताना पाहिले होते.

७/
हे विमान आज घडवायचे, तर पुढच्या काळातल्या ७४७-४०० चे किट तसेच चालत नाही. त्याचा वरचा मजला लांब आहे, तो कापून आखूड करावा लागतो. पंखांच्या टोकांची वर वळलेली पाती काढावी लागतात. त्याहून अवघड प्रश्न आतला: कोणत्या वर्षीचे विमान घडवायचे? आसने बदलतात, कापड बदलते, बैठकीच्या जागी तिकिटाची आसने येतात. इतिहासकाराप्रमाणे कारागिरालाही एक तारीख ठरवावी लागते आणि त्या तारखेचेच पुरावे मान्य करावे लागतात.

८/
‘एम्परर अशोक’च्या बाबतीत मूळ वस्तूकडे परत जाता येत नाही. १ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईहून दुबईकडे निघालेले हे विमान उड्डाणानंतर काही क्षणांतच वांद्र्याजवळच्या समुद्रात कोसळले. विमानातील सर्व २१३ जण मृत्युमुखी पडले. त्या दालनांची साक्ष आता छायाचित्रे, जाहिराती, माहितीपत्रके आणि आसनांचे नकाशे यांच्यापुरती उरली आहे.

९/
जी विमाने सुखरूप निवृत्त होतात, त्यांचाही अंतर्भाग क्वचितच टिकतो. इंजिने आणि सुटे भाग विकले जातात. खुर्च्या, पडदे, गालिचे यांना कोणी जपत नाही. एअर इंडियाच्या ७४७-४०० विमानांना कोणार्क, खजुराहो, अजिंठा, आग्रा अशी नावे होती. त्यांतील ‘आग्रा’ने २२ एप्रिल २०२४ रोजी मुंबईहून अखेरचे उड्डाण केले.

१०/
यांतले ‘अजिंठा’ हे नाव येथे अर्थपूर्ण ठरते. अजिंठ्याच्या ९ आणि १० क्रमांकांच्या चैत्यगृहांच्या कमानदार छताची रचना लाकडी इमारतींची नक्कल आहे. दगडात लाकडी फासळ्यांची गरज नसते, तरी कारागिरांनी त्यांचा आकार जपला. त्या काळच्या लाकडी इमारती नष्ट झाल्या. त्या आतून कशा दिसत, हे आपल्याला बव्हंशी या दगडी नकलांवरून कळते.

११/
अजिंठ्याच्या शेजारी, जालना जिल्ह्यातल्या भोकरदनची कथाही अशीच. प्राचीन भोगवर्धन ते हेच. सातवाहन काळातले हे गजबजलेले नगर मातीखाली गेले. १९७३ च्या उत्खननात हस्तिदंताच्या एका लहानशा स्त्रीमूर्तीचा भाग मिळाला. इटलीतील पॉम्पेई येथे १९३८ साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे विलक्षण साम्य आहे. नगरातली माणसे आणि घरे गेली. त्या काळच्या स्त्रीचे अलंकार मात्र वीतभर वस्तूने सांभाळले.

१२/
तीन मिलिमीटरच्या आसनावर तासन्‌तास घालवणे बाहेरून पोरखेळ वाटते. पण हवाई प्रवासाचा सामाजिक इतिहास विमानाच्या पोटात घडला: कोण कुठे बसले, कुणाला पाय पसरायला किती जागा मिळाली, कोणत्या देशाने जगासमोर आपले घर कसे सजवले. जुन्या अल्बममधले विमानातले छायाचित्र, आसनाच्या खिशातले सुरक्षापत्रक, घडी पडलेले माहितीपत्रक हे त्या इतिहासाचे अस्सल कागद आहेत. ते रद्दीत गेले, तर पुढच्या कारागिराला खिडक्या पुन्हा चिकटचित्रांनीच झाकाव्या लागतील.