बॉयलर-कारागिरांचे बहिरेपण
प्रचंड आवाजात दीर्घकाळ काम केल्याने येणारा व्यवसायजन्य श्रवणदोष. व्हेनिसच्या तांबटांमधील असे बहिरेपण बेर्नार्दीनो रामात्सीनी (१६३३–१७१४) या इटालियन वैद्यांनी पूर्वीच नोंदले होते. वाफेच्या यंत्रांचा प्रसार झाल्यावर ते फार वाढले. बॉयलरच्या आत बसून रिव्हेट धरणाऱ्याची स्थिती सर्वांत वाईट. बाहेरील हातोड्यांचा नाद त्याच्याभोवती कोंडला जाई. ग्लासगोच्या टॉमस बार यांनी अशा १०० कारागिरांची तपासणी केली (१८८६), तेव्हा एकाचीही श्रवणशक्ती प्राकृत आढळली नाही. आवाजाने अंतर्कर्णातील संवेदी कोशिका नष्ट होतात व मानवात त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. म्हणून कानात बोळे घालणे किंवा आवाजच कमी करणे हाच उपाय उरतो. सोबत पुष्कळदा कर्णनादही जडतो. सुश्रुतसंहितेत कर्णरोगांमध्ये तो बाधिर्याहून वेगळा गणला आहे.