मिग वेल्डिंगचा इतिहास आणि जुन्या गाडीसाठी पहिले यंत्र

जुनी गाडी स्वतःच्या हाताने उभी करण्याचा छंद असलेले दोन-तीन विद्यार्थी दरवर्षी वेल्डिंगच्या तासानंतर थांबतात. प्रश्न ठरलेला असतो : "सर, किती अँपिअरचं मिग मशीन घेऊ?" खोक्यावर १६०, २००, २५० असे आकडे छापलेले असतात आणि मोठा आकडा म्हणजे चांगले यंत्र अशी समजूत असते. तुमच्या गाडीचा पत्रा मात्र साधारण ०.८ ते १ मिलिमीटर जाडीचा आहे. तो जोडायला ३० ते ६० अँपिअर पुरतात. मग प्रश्न कसा विचारायचा, हे समजण्यासाठी ही पद्धत कोणत्या कामासाठी जन्मली आणि पातळ पत्र्यापर्यंत कशी पोचली, ते पाहू.

आधी गाडीकडे बघा. प्रीमियर पद्मिनीचे मूळ म्हणजे १९५३ ची फियाट ११००-१०३. अॅम्बॅसॅडरचे मूळ म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड. दोन्हींना वेगळी चासी नाही. फरशी, दाराखालची पोकळ पेटी आणि खांब मिळूनच गाडीचा भार पेलतात. स्टँडर्ड हेरल्डसारखी वेगळ्या चासीची गाडी असेल तर गोष्ट थोडी निराळी. पण पद्मिनीची दाराखालची पेटी गंजली आणि तुम्ही तिच्यावर पत्र्याचा तुकडा बसवला, तर तुम्ही गाडीचा कणा दुरुस्त करत आहात. वरून सुबक दिसणारा पण आत न मुरलेला सांधा पुट्टी आणि रंगाखाली सहज लपतो. तो उघडा पडतो जॅक लावताना किंवा अपघातात.

कारखान्यात हे पत्रे स्पॉट वेल्डिंगने जोडलेले असतात. एलिहू थॉमसनने १८८० च्या दशकात विकसित केलेल्या रोध वेल्डिंगचा हा एक प्रकार : तांब्याच्या दोन टोकांमध्ये पत्रे दाबायचे आणि क्षणभर मोठा प्रवाह सोडायचा. दुरुस्तीत बंद पेटीच्या आतल्या बाजूला तांब्याचे टोक पोचवता येत नाही. म्हणून गॅरेजमधल्या डेंटरने अनेक दशके ऑक्सि-अॅसिटिलीनची ज्योत वापरली. गॅसचा सांधा मऊ राहतो, हातोडीने ठोकून सपाट करता येतो. हा गुण मिगला आजही नाही. पण ज्योतीची उष्णता पसरते आणि दार किंवा छत यांसारखा मोठा सपाट पत्रा लाटेसारखा वाकतो. कसबी डेंटर ओल्या फडक्याने तो आवरतो; नवशिक्याला ते साधत नाही. काडीच्या वेल्डिंगने तर या जाडीत सांध्यापेक्षा भोकेच जास्त पडतात.

आता मिगकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी हलके धातू जोडण्याची गरज होती. त्यातून टंगस्टनची टोकदार काडी आणि निष्क्रिय वायू वापरणारी टिग पद्धत पुढे आली. ती सुबक होती, पण जाड अॅल्युमिनियमवर फार संथ. १९४८ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या बॅटेल संस्थेत, एअर रिडक्शन कंपनीच्या पाठबळावर, टंगस्टनच्या जागी सतत पुढे सरकणारी तार आणली गेली. ही तारच विद्युतअग्र आणि तीच भरणीचा धातू. मिग असे जन्मले, आणि ते जाड अॅल्युमिनियमसाठी जन्मले.

या यंत्राचे खरे चातुर्य वीजस्रोतात आहे. तार ठरलेल्या वेगाने येते आणि स्रोत व्होल्टेज जवळजवळ स्थिर ठेवतो. हात थोडा खाली गेला की आर्क आखूड होतो आणि प्रवाह एकदम वाढतो. तार लवकर वितळते आणि आर्क पुन्हा मूळ लांबीवर येतो. हात वर गेला की याच्या उलट. आर्कची लांबी सांभाळण्याचे काम वेल्डरच्या मनगटातून यंत्रात गेले. म्हणूनच नवशिक्याला मिग लवकर जमते, आणि म्हणूनच काडीचे जुने यंत्र, ज्यात प्रवाह स्थिर राखलेला असतो, त्याला नुसती तार जोडून मिग होत नाही.

पोलादासाठी मात्र आर्गॉन आणि हीलियम महाग पडत. १९५३ मध्ये सोव्हिएत संघात ल्युबाव्स्की आणि नोवोझिलोव यांनी कार्बन डायऑक्साइडच्या आवरणात पोलादाचे तार-वेल्डिंग मांडले. वायू स्वस्त झाला आणि पद्धत पोलादाच्या कारखान्यांत शिरली. भारतातल्या कितीतरी वर्कशॉपमध्ये आजही कोणी मिग म्हणत नाही, "सीओटू" म्हणतात. शब्द नेमका आहे. आर्कमध्ये हा वायू निष्क्रिय राहत नाही, त्यामुळे काटेकोर भाषेत ही मॅग पद्धत, म्हणजे सक्रिय वायूची. परीक्षेत हा फरक लिहा. दुकानात सीओटू म्हणा.

तुमच्या पत्र्याला उपयोगी पडणारी पायरी त्यानंतरची, १९५० च्या दशकाच्या अखेरची. बारीक तार आणि कमी व्होल्टेज घेतले की तारेचे टोक वितळलेल्या डबक्याला टेकते, शॉर्ट होते, थेंब सोडते आणि आर्क पुन्हा पेटतो. हे सेकंदाला २० ते २०० वेळा घडते. भजी तळताना कढईतून येतो तसा सलग चरचराट ऐकू आला की समजा, मांडणी जमली. आर्क मधूनमधून विझत असल्याने उष्णता कमी जाते आणि पातळ पत्रा टिकतो. याच गुणाची दुसरी बाजू धोक्याची आहे : जाड भागावर हा सांधा नुसता वर बसतो, आत मुरत नाही.

तेव्हा दुकानदाराला विचारायचा प्रश्न असा : हे यंत्र खाली किती उतरते? साधारण ३० अँपिअर आणि १५-१६ व्होल्टला आर्क स्थिर राहतो का? ०.६ मिलिमीटर तारेसाठी खाच असलेला रोलर मिळतो का? माझ्या मते पहिल्या खरेदीत पैसे तार ढकलणाऱ्या भागावर आणि टॉर्चवर घालावेत. टिग, काडी, मिग असे तीन प्रकार एकात देणारे यंत्र वाईट नसते, पण त्यात तार अडखळत असेल तर बाकीचे दोन प्रकार तुमच्या पत्र्याच्या कामाचे नाहीत.

मोठ्या आकड्याचा हिशेब स्वतः करून बघा. मिगसाठी प्रमाणित भार-व्होल्टेज १४ अधिक प्रवाहाचा ०.०५ पट असे धरतात. २०० अँपिअरला २४ व्होल्ट, म्हणजे ४,८०० वॅट. घरातला १६ अँपिअरचा सॉकेट २३० व्होल्टला सुमारे ३,७०० वॅट देतो. म्हणजे खोक्यावरचा आकडा तुमच्या भिंतीतून येऊच शकत नाही. ४० अँपिअरला मात्र १६ व्होल्ट, म्हणजे ६४० वॅट पुरतात. ड्यूटी सायकल दहा मिनिटांवर मोजतात; २० टक्के म्हणजे दोन मिनिटे काम, आठ मिनिटे विश्रांती. पत्र्याच्या कामात तुम्ही एकेक टाका मारून थांबणारच आहात, त्यामुळे तिथेही फार ताणायची गरज नाही.

जुन्या ट्रान्सफॉर्मर यंत्रात व्होल्टेज ठरावीक पायऱ्यांनी बदलते आणि नेमकी हवी ती पायरी दोन खटक्यांच्या मध्ये सापडते. इन्व्हर्टर यंत्रात ते सलग बदलता येते, शिवाय ते हाताने उचलता येते. मात्र धुळीचा पंखा आणि सर्किट बोर्ड यांची दुरुस्ती तुमच्या गावात होते का, हे आधी विचारा.

"गॅसशिवाय चालते" ही जाहिरात मोहात पाडते, कारण सिलिंडरचा खर्च वाचतो. स्वतःच आवरण तयार करणारी फ्लक्स भरलेली तारही १९५० च्या दशकाच्या अखेरचीच, पण ती उघड्यावरच्या जाड पोलादासाठी, जिथे वारा वायू उडवून नेतो. गाडीच्या पत्र्यावर ती जास्त तापते, शिंतोडे उडवते आणि मळी सोडते. यंत्र असे घ्या की वायूही जोडता येईल आणि ध्रुवही बदलता येतील : भरीव तारेला टॉर्च धन, फ्लक्सच्या तारेला बहुधा ऋण. वायू म्हणून आर्गॉनमध्ये सुमारे २० टक्के कार्बन डायऑक्साइडचे मिश्रण मिळाले तर आर्क मऊ चालतो. नाहीतर शुद्ध सीओटू चालतो. फक्त सिलिंडरमध्ये तो द्रवरूप असतो आणि बाहेर पडताना थंड होतो, म्हणून सलग कामात रेग्युलेटरवर बर्फ धरतो. हीटर असलेला रेग्युलेटर घ्या. प्रवाह मिनिटाला ८ ते १२ लिटर ठेवा आणि छताचा पंखा बंद करा.

गाडीला हात लावण्याआधी बॅटरी सोडवा, पेट्रोलची टाकी उतरवा. मग त्याच जाडीच्या भंगार पत्र्याच्या दोन पट्ट्या जोडा, शेगड्यात धरा आणि सांध्यावरच हातोडीने वाकवा. सांधा सुटला तर व्होल्टेज किंवा तारेचा वेग बदलून पुन्हा जोडा. सांधा शाबूत राहून शेजारचा पत्रा फाटू लागला, तर दाराखालच्या पेटीकडे वळायला हरकत नाही.