नाण्याचे स्थळ

मेडशीच्याच वाशीम जिल्ह्यात, तऱ्हाळा येथे, १९३९ साली सुमारे १,६०० सातवाहन नाण्यांचा साठा सापडला. तो एकत्रित अभ्यासला गेला, म्हणूनच वा. वि. मिराशींना त्यात पुराणांना अज्ञात असे कुंभ व कर्ण सातकर्णी आढळले. रोमन सम्राटांच्या नाण्यांचा संग्रह करणाऱ्यांनी यातून बोध घ्यावा, असे आम्हांस वाटते. तेरच्या पांढरीत मिळालेल्या, रोमन नाण्यांवरून घडविलेल्या मातीच्या चकत्या मोलाने क्षुद्र आहेत. परंतु स्थळ ज्ञात असल्याने त्या रोमशी असलेल्या संबंधाची साक्ष देतात. स्थळ हरवलेले सुवर्णनाणे मात्र केवळ सोने उरते. कार्ल्याच्या लेण्यात स्तंभदान करणाऱ्या यवनांची नावे कोरलेली आहेत. त्या दानकाळाचा आर्थिक इतिहास नाण्यांवाचून अपुराच राहील. म्हणून नांगराला नाणी लागल्यास जागा टिपून जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे. १८७८ च्या निखात निधी कायद्याचाही तोच दंडक आहे.