मृदू ऊतकांचा सार्कोमा
स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या, मज्जातंतूंची आवरणे अशा मऊ ऊतकांत उद्भवणारा दुर्मीळ कर्करोग. प्रौढांच्या एकूण कर्करोगांत याचे प्रमाण सुमारे १ टक्का. गाठ बहुधा दुखत नाही, म्हणूनच ती ‘चरबीची गाठ’ समजून अंगावर काढली जाते. ५ सेंमी.पेक्षा मोठी, खोलवर असलेली किंवा वाढत जाणारी गाठ दुखत नसली तरी तपासलीच पाहिजे.

आधी एमआरआय, मग जाड सुईने तुकडा काढून तपासणी, हा क्रम महत्त्वाचा आहे. सुईची वाट पुढच्या छेदाच्या रेषेतच ठेवतात, कारण शस्त्रक्रियेत तीही काढायची असते. रोग मुख्यतः फुप्फुसांत पसरत असल्याने छातीचा सीटी स्कॅन करतात.

शस्त्रक्रियेत गाठ सोलून काढत नाहीत. भोवतालच्या निरोगी ऊतकाच्या वेष्टनासह ती अखंड उचलतात. दिशा कळावी म्हणून तिला रेशमी टाके घालतात आणि विकृतिशास्त्रज्ञ कडांना शाई लावून पाहतो. शाईपर्यंत पेशी पोचल्या असतील, तर रोग मागे राहिल्याची शंका असते. पूर्वी हात-पाय सर्रास कापले जात. अमेरिकेतील ४३ रुग्णांवरील चाचणीने (१९८२) अवयव राखून किरणोपचार दिल्यास जगण्याचे प्रमाण घटत नाही, हे दाखवले.

मुंबईत या उपचारांचे प्रमुख केंद्र परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय (स्थापना १९४१). मुलुंड-घाटकोपरचे रुग्ण परळ स्थानकावर, अंधेरी-बोरिवलीचे प्रभादेवीला उतरतात. पायावर शस्त्रक्रिया झालेल्याला तिथला जिनाही डोंगराएवढा असतो. फिजिओथेरपी म्हणूनच उपचाराचाच भाग मानावी.